भिंतीकडे तोंड केलेल्या बंदुका

स्थळ बघायला जावं आणि चहा-पोहे संपेपर्यंत मुलाने पाठ फिरवून बसावं, तसं मला जुन्या बंदुकांच्या छोट्या संग्रहालयात वाटतं.

बंदुकीची कुंडली असते तिच्या कळीत, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रात. घोडा, स्प्रिंगा हे सगळं बिऱ्हाड बहुधा नळीच्या उजव्या अंगाला. म्हणजे बंदूक टांगताना नळीचं टोक बघणाऱ्याच्या उजव्या हाताला हवं. पण मांडणी करणाऱ्याला हवी असते फुली. दोन बंदुकांची फुली मारली, वर ढाल ठोकली, की त्यातली एक हमखास रुसून भिंतीकडे बघते. आपल्याला दिसतो नुसता दस्ता आणि दोन स्क्रू.

कळ दिसली तर मात्र चिठ्ठी वाचायचे कष्ट घेऊ नयेत. वाकडा चिमटा दिसला तर जामगीची बंदूक. त्या चिमट्यात सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी धुमसत ठेवायची. पावसात ती विझायची, रात्री तिचा ठिपका शत्रूला दिसायचा. घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात आवळलेला दगड असेल, तर गारगोटीची. दगड पोलादी पत्र्यावर घासायचा, ठिणग्या रंजक, म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू, ठेवलेल्या वाटीत पडायच्या, तिथला जाळ कानातून, म्हणजे नळीच्या बारीक भोकातून, आत जाऊन बार उडायचा. निदान तशी अपेक्षा असायची. कानात काजळी धरली की वाटीत भस्सकन जाळ आणि नळी ढिम्म! म्हणून शिपायाजवळ कान कोरायची सुई असे.

तिसरी टोपीची. पोकळ बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोड्याचा ठोका बसला की आतला स्फोटक मसाला पेटतो. या मसाल्यावर चालणाऱ्या कळीचं पेटंट 1807 सालचं, तेही स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या पाद्र्याचं. गारगोटीचा जाळ दिसताच पाखरं उडून जातात, ही त्याची तक्रार. धर्मोपदेशकाला याहून मोठी अडचण नसावी. तांब्याची टोपी त्याच्याही नंतर आली.

आता अशा टोपीच्या बंदुकीखाली ‘शिवकालीन’ अशी चिठ्ठी दिसते, तेव्हा काय करावं? महाराज 1680 मध्ये गेले. मधली सव्वाशे वर्षं चिठ्ठी लिहिणाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत धरली असणार.

खरी गंमत धर्मांतर केलेल्या बंदुकांत. टोपी आली म्हणून जुनी गारगोटीची बंदूक कोण फेकून देतो? वाटी काढली, घोडा बदलला, बोंडी बसवली. कळीच्या पट्टीवर बुजवलेली भोकं तेवढी उरतात. ती दिसावीत म्हणून मोबाइलची बॅटरी समोरून मारू नये, काचेत आपलाच चेहरा उजळतो. उजेड तिरका सोडायचा, आणि फोटोसाठी फोनचं भिंग काचेला टेकवायचं. टेकवताच मागून आवाज येतो, ‘‘साहेब, काचेला हात नको!’’

‘भरलेली तर नाही ना?’ हा प्रश्न मात्र थट्टेचा नाही. कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेटते. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू भरायच्या, बंदुकीची परीक्षा सोपी असते, पण ती पाहुण्याने नव्हे, सांभाळणाऱ्याने करायची. नळीच्या तोंडापुढून बाजूला उभं राहून दारू ठासायचा गज आत सोडायचा, तोंडापाशी खूण करायची आणि तोच गज नळीला बाहेरून लावून पाहायचा. टोक कानापर्यंत पोचायला चार बोटं कमी पडली, तर आत काहीतरी बसलंय. फक्त गज नळीत सहज जाणारा आणि तळापर्यंत पोचेल इतका लांब हवा. इथे तर गजाच्या जागी पडद्याची सळई निघाली तरी मला नवल वाटणार नाही.