टेस्लाची मोटर विवेकानंदांनी शिकवली नव्हती

रविवारी सकाळी भाची फोन घेऊन थेट दुकानात आली. "मामा, उद्या वर्गात विज्ञानाच्या तासाला हे वाचायचंय, ऐक ना." मजकूर तिच्या आजोबांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला. मलाही तो याआधी चारपाच ठिकाणांहून आलाय. थोडक्यात तो असा: स्वामी विवेकानंदांनी निकोला टेस्लाला वेदांतातलं आकाश आणि प्राण समजावलं, त्यातून त्यानं एकट्यानं एसी (दिशा सतत उलटणाऱ्या विजेची) मोटर शोधली. एडिसननं त्याचे पन्नास हजार डॉलर बुडवले आणि एसीला बदनाम करायला हत्ती मारला. वर मजकूर म्हणतो, एसी माणसाला झटका देऊन लांब फेकतो, चिकटवतो तो डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज). आणि शेवटी टेस्लानं लाखोंच्या रॉयल्टीचा करार फाडून टाकला.

बावीस वर्षं मी मोटरी रिवाइंड करतोय, म्हणजे जळलेल्या तारा काढून नव्या भरतोय. हे सगळं एक पोर वर्गासमोर उभं राहून वाचणार म्हटल्यावर मला गप्प बसवेना.

आधी विवेकानंद. टेस्लाच्या मोटरच्या पेटंटचा अर्ज ऑक्टोबर १८८७ चा आहे आणि पेटंट मिळालं १ मे १८८८ ला. त्याच महिन्यात, १६ मेला, न्यूयॉर्कला विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यानं ही मोटर समजावून सांगितली. विवेकानंद अमेरिकेत पोचले १८९३ साली. ते ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले ती शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं भरली होती, आणि त्याच प्रदर्शनात टेस्लाच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर गरगरणारं तांब्याचं अंडं लोक पाहत होते. म्हणजे स्वामीजी बोलायला उभे राहिले तेव्हा मोटर पाच वर्षांची झाली होती.

त्यांची गाठ पडली, हे मात्र खरं. पण त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा खुद्द विवेकानंदांचंच पत्र आहे, १३ फेब्रुवारी १८९६ चं, न्यूयॉर्कहून स्टर्डी नावाच्या स्नेह्याला लिहिलेलं. त्यात ते म्हणतात की प्राण, आकाश आणि कल्प यांबद्दल ऐकून टेस्लाला फार आनंद झाला. जडद्रव्य आणि शक्ती यांचं मूळ एकच आहे हे आपण गणितानं दाखवू शकू असं त्याला वाटतंय, आणि ते गणित बघायला मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. शिकायला कोण कुणाकडे चाललंय ते बघा. मोटरचा त्यात उल्लेख नाही. पुढे टेस्लानं आपल्या एका लेखात आकाश आणि प्राण हे शब्द वापरले, तेवढी कबुली मी देतो. पण मोटर तिथून आलेली नाही.

ती कुठून आली हे टेस्लानंच लिहून ठेवलंय. ग्राझला शिकत असताना वर्गातल्या डीसी यंत्राच्या ब्रशपाशी (फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारा तुकडा) ठिणग्या उडताना त्यानं पाहिल्या आणि ब्रशशिवाय चालणार नाही का, असं विचारलं. प्राध्यापकांनी ते अशक्य ठरवलं. कार्बन ब्रश आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतो तो फिरता भाग) बदलून ज्याचे हात काळे झालेत त्याला त्या प्रश्नाची किंमत कळते. उत्तर त्याला १८८२ साली बुडापेस्टच्या बागेत मित्राबरोबर फिरताना सुचलं आणि त्यानं तिथल्या तिथे काठीनं मातीत आकृती काढली. पाचसहा वर्षं डोक्यात घोळवलेली गोष्ट आहे ही. टेस्लाचा मोठेपणा सांगायला निघालेला हा मजकूर त्याच्या या वर्षांवरच पाणी ओततो, याचा मला जास्त राग आहे.

भाचीला मी जळून आलेली पाच एचपीची पंपाची मोटर उघडून दाखवली. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बाहेर काढला तर तिचा पहिला प्रश्न: "याला वायर कुठंय?" नाहीच. बाहेरच्या, न फिरणाऱ्या स्टेटरमध्ये तीन फेजचं वाइंडिंग (तारांची वेटोळी), एकापाठोपाठ एक जोर धरणारं, त्यामुळं आतलं चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं. रोटरच्या सळ्यांत त्यानंच करंट उपजतो आणि रोटर मागोमाग ओढला जातो. मग नुकतंच वाइंडिंग भरलेल्या दुसऱ्या स्टेटरला मी अगदी कमी व्होल्टेज दिलं आणि आत बेअरिंगची एक गोळी सोडली. गोळी आतल्या भिंतीला धरून गरागरा फिरायला लागली. आम्ही वाइंडिंग बरोबर बसलंय का ते असंच तपासतो. पोरगी दहा मिनिटं तिथून हलली नाही.

"एकट्यानं" हाही शब्द चुकीचा. इटलीत तुरिनला गॅलिलिओ फेरारिस यांनी फिरत्या क्षेत्राची मोटर १८८५ साली करून पाहिली आणि त्यावरचा निबंध मार्च १८८८ मध्ये, म्हणजे टेस्लाच्या व्याख्यानाच्या दोन महिने आधी, तिथल्या विज्ञान अकादमीत वाचला. दोघं एकमेकांना न विचारता तिथं पोचले. वेस्टिंगहाउस या अमेरिकी वीजकंपनीनं टेस्लाची पेटंटं रॉयल्टीच्या करारावर घेतली तेव्हा त्यांच्या कारखान्यात १३३ सायकलची (सेकंदाला १३३ आवर्तनांची) वीज होती. तिच्यावर ही मोटर नीट चालेना आणि काम काही वर्षं रखडलं. आज शेताशेतात दिसते ती थ्री फेज, सळ्यांच्या पिंजऱ्यासारख्या रोटरची मोटर बर्लिनच्या एईजी कंपनीत मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी १८८९ साली उभी केली. १८९१ मध्ये लाउफेनच्या धबधब्याची वीज १७५ किलोमीटरवर फ्रँकफर्टला नेली आणि तिथल्या प्रदर्शनात १०० एचपीच्या मोटरनं पंप चालवून कृत्रिम धबधबा पाडला. एसीनं मोटर दूरवर चालवता येते, हे युरोपनं तिथं डोळ्यांनी पाहिलं.

पन्नास हजार डॉलरची गोष्ट टेस्लाच्याच आठवणीतली आहे, पण तिथं शब्द "मॅनेजर" असा आहे, एडिसन नव्हे, आणि काम होतं डीसीच्या यंत्रांचं. हत्तीण टॉप्सी मेली जानेवारी १९०३ मध्ये, कोनी आयलंडच्या करमणूक बागेत, बागेच्या मालकांनी मारली म्हणून. एडिसनच्या नावाच्या कंपनीनं त्याचं चित्रीकरण केलं. एडिसनच्या डीसीची आणि एसीची बाजारातली लढाई तोवर दहाएक वर्षांपूर्वीच संपली होती. पण १८८८ साली एडिसनच्या प्रयोगशाळेत एसीनं कुत्री, वासरं आणि घोडा मारून दाखवले होते, त्यामुळं त्याला पूर्ण सोडवायचीही माझी तयारी नाही.

आता ते वाक्य, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. "एसी फेकतो, डीसी चिकटवतो." हे मी वायरमन लोकांच्या तोंडूनही ऐकतो. आपल्या घरातल्या विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते. तेवढ्या वेळा स्नायू आखडत राहतो आणि मूठ घट्ट आवळली जाते. अमेरिकेत चार्ल्स डॅलझिएल यांनी माणसांवर मोजून पाहिलं: ६० सायकलच्या एसीला सरासरी पुरुषाचा हात १६ मिलीअँपिअरपर्यंतच सुटतो, डीसीला साधारण ७५ पर्यंत. म्हणजे चिकटवण्यात एसीच पुढं. हृदयाचे ठोके विस्कटायलाही एसीला कमी करंट पुरतो. कुणी फेकला गेला तर तो स्नायूंच्या हिसक्यानं. पुढच्या वेळी तसंच होईल याची हमी नाही. डीसी निर्धोक आहे असंही नाही, सोलर पॅनलच्या वायरीनं जीव जातो.

माझ्याकडे येणाऱ्या मोटरींतल्या कित्येकींचा मालक सांगतो, "ओल्या जमिनीत पाइपला हात लावला की चणचणतं, पण एसी आहे, काही होत नाही." त्या मोटरीची बॉडी मी आधी मेगरनं (वीज बॉडीत उतरतेय का ते दाखवणाऱ्या मीटरनं) तपासतो.

रॉयल्टीचा करार फाडल्याचा कागद कुणी दाखवलेला नाही. १८९७ साली वेस्टिंगहाउसनं पेटंटं सुमारे २ लाख १६ हजार डॉलर एकरकमी देऊन कायमची घेतली, एवढं नोंदलेलं आहे.

दुपारी ताईच्या सासऱ्यांना फोन केला. म्हटलं, "अण्णा, विवेकानंदांचं काय ते आपण नंतर बसून बोलू. पण ते शॉकचं वाक्य ग्रुपवरून आधी काढा आणि चूक आहे म्हणून लिहा. रात्री मोटर सुरू करायला तुमचीच पोरं जातात."