हरलेली एकच मॅच

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवरच्या लेखात केंटकी विद्यापीठाच्या 2014-15 च्या टीमला 'अपयशी' म्हटलंय, ते काही पटलं नाही. ओळीने 38 सामने जिंकले आणि राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या सेमीफायनलला विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून 71-64 ने हरले. एकच हार! ती कशी झाली हे लेखात यायला हवं होतं. शेवटच्या काही मिनिटांत पुढे असताना त्यांचा खेळ अडखळला. तेव्हा शॉट क्लॉक (बॉल ताब्यात आल्यावर तो बास्केटकडे टाकायची मुदत) 35 सेकंदांचं होतं, तेवढ्यात बास्केटकडे बॉल टाकणंच जमेना, तेही लागोपाठ. विस्कॉन्सिन मात्र शांत राहिले. (पुढे फायनलला त्यांनाही ड्यूकने हरवलं, 68-63.)

आम्ही ठाण्यात कॉलेजकडून खेळायचो. आमच्या वेळी आंतरकॉलेज स्पर्धा बाद पद्धतीच्या, म्हणजे हरलात की घरी. जूनपासून सराव करायचा, तोही उघड्या सिमेंटच्या कोर्टवर. पाऊस थांबला की आधी गोणपाटाने पाणी पुसायचं, मग ड्रिब्लिंग. बॉल ओला झाला की साबणाच्या वडीसारखा हातातून सटकायचा. एका वर्षी पहिल्याच फेरीत दोन गुणांनी हरलो आणि आमचा सगळा 'सीझन' 40 मिनिटांत आटोपला! त्या मॅचमध्ये फ्री थ्रो किती घालवले ते मोजलं होतं, आकडा इथे सांगत नाही. त्यातले तीन माझेच.

म्हणून 39 सामने खेळायला मिळालेल्या पोरांना अपयशी म्हणवत नाही. हेवा वाटतो, दुसरं काय.

— नेरुळकर, सध्या फक्त प्रेक्षक