अर्धा चमचा मोरचूद आणि पुतणीचे गप्पी

रविवारी रात्री नेरूळहून दादाचा फोन. "अरे, फिश टँकमध्ये मोरचूद आत्ताच टाकू की सकाळी?" मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार (कॉपर सल्फेट), घरात आलं कुठून, तर वहिनीचं माहेर निफाडचं, द्राक्षबाग आहे, तिथून पुडी आलेली. आणि ही अक्कल आली कुठून, तर व्हॉट्सअपवरून. "टँकमधलं शेवाळ एका रात्रीत साफ! 5 घरगुती उपाय". हा फॉरवर्ड मला याआधी तिघांनी पाठवला होता, मी सोडून दिला होता. आता पुतणीच्या गप्पी माशांवर बेतलं म्हटल्यावर बसलो लिहायला.

पहिला उपाय हाच: "अर्धा चमचा मोरचूद टाका. तांबं शुद्ध असतं, आपण तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितोच ना?" पितो. पण त्या पाण्यात चोवीस तास कल्ले उघडे ठेवून बसत नाही. जास्तीचं तांबं थेट कल्ल्यांवर बसतं आणि माशाच्या अंगातला सोडियमचा तोल ढासळतो. द्राक्षबागेतसुद्धा मोरचूद चुन्यात मिसळून फवारतात, नुसतं नाही; वहिनीला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे!

हिशोबच करू. फ्लोरिडा विद्यापीठाचं मत्स्यशेतीसाठी एक पत्रक आहे. त्यात सूत्र असं: पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल पचवायची क्षमता, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) भागिले 100, तितके मिलिग्रॅम मोरचूद दर लिटरला. अल्कलिनिटी 50 च्या खाली असेल तर हातच लावायचा नाही. दादाच्या टँकमध्ये अल्कलिनिटी तपासायची पट्टी बुडवली, रंग 40 आणि 80 च्या मधला. 60 धरा. म्हणजे 50 लिटरच्या टँकला 30 मिलिग्रॅम. अर्धा चमचा म्हणजे किमान 2 ग्रॅम. साठपटीहून जास्त! गोगलगायी आणि कोळंब्या तर त्याच्या कितीतरी आधी जातात. शिवाय शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. तांब्यातून वाचलेला मासा पहाटे पृष्ठभागावर तोंड वासून दिसेल.

दुसरा उपाय, दर रविवारी सगळं पाणी फेकून टँक साबणाने घासा. साबण? फिल्टरच्या स्पंजात जे जिवाणू अमोनिया पचवतात तेच धुऊन टाकायचे, मग मासे का मेले म्हणून दुकानदाराशी भांडायचं. आठवड्याला पाव टँक पाणी बदला, नळाचं पाणी क्लोरीन काढून घाला, आणि स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा.

तिसरा, "सकर फिश सगळं खातो". लहानपणी थोडंफार खातो. मोठा होऊन फूटभर झाला की खातो कमी आणि घाण जास्त करतो. मग लोक तो तलावात सोडतात. दक्षिण अमेरिकेतला मासा आहे तो, आपल्या तलावांत त्याचं काही काम नाही.

चौथा, शेवाळ विषारी असतं म्हणे. काचेवरचं साधं हिरवं शेवाळ गप्पी आवडीने टोचून खातात. सोडा.

पाचवा उपाय, तीन दिवस अंधार करा. हा, नाइलाजाने सांगतो, अर्धा खरा आहे. पाणीच हिरवं झालं असेल तर फरक पडतो. पण कारण तसंच राहिलं तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. दादाकडे कारण शोधायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. टँक पश्चिमेच्या स्लायडिंग खिडकीला चिकटून, दुपारी दोनपासून ऊन थेट काचेवर. दिवा रात्री अकरापर्यंत, कारण "छान दिसतं". आणि खाणं सकाळी वहिनी घालते, दुपारी पुतणी, रात्री दादा. तिघांनाही वाटतं आपणच घालतो. तळाशी भिजलेल्या दाण्यांचा थर होता.

टँक आतल्या भिंतीला नेला, दिव्याला सात तासांचा टायमर लावला, खाणं घालायचं काम एकट्या पुतणीकडे दिलं. काच तिनेच जुन्या एटीएम कार्डाने खरवडली.

मोरचुदाची पुडी मी घेऊन आलोय. पण वहिनीने तोवर फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खाली विचारलंय, "मोरचूद नेरूळमध्ये कुठे मिळेल?"