‘आजच होस्टिंग बदला’ सांगणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. "अरे, आत्ता एका बाईंचा फोन आला होता. वही मागवायला गेल्या, तर चेकआउटच्या पानावर दुसऱ्याच कुणाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर. माझ्या दुकानातून लोकांचे पत्ते बाहेर चाललेत का रे?"

ताई हाताने बांधलेल्या वह्या ऑनलाइन विकते. साइट वर्डप्रेसवर, त्याला दुकानासाठी जोडलेलं वूकॉमर्स हे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर), दीडेकशे प्रॉडक्ट, दिवसाला पाच-सात ऑर्डरी. दुकान स्लो होतं, ही तक्रार जुनीच. काय बदललंस म्हणून विचारलं, तर तिने एक फॉरवर्ड पाठवला. त्यातलं सगळं तिने दोन दिवसांत करून टाकलं होतं, तीन वर्षांचे पैसे एकदम भरून.

तो तुमच्याकडेही आला असेल. "ऑनलाइन दुकान स्लो आहे? दोष होस्टिंगचा! आजच बदला." खाली सात मुद्दे. (होस्टिंग म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते ती सर्व्हरवरची भाड्याची जागा.) थोडक्यात असे: स्लो म्हणजे होस्टिंग खराब. अनलिमिटेड प्लॅन घ्या. रॅम जितकी जास्त तितका वेग. सीडीएन (साइटच्या फाइलींच्या प्रती ठिकठिकाणी ठेवून गिऱ्हाइकाला जवळून देणारी सेवा) लावलं की सर्व्हर कुठेही चालतो. सगळी पानं कॅश करा. ९९.९ टक्के अपटाइम (साइट चालू राहण्याचा वेळ) आणि ऑटो बॅकअप असला की निश्चिंत. आणि शेवटी, मायग्रेशन, म्हणजे दुकान दुसऱ्या होस्टिंगवर हलवणं, एका क्लिकवर होतं. मला हा आठवड्यात तिसऱ्या ग्रुपवर दिसला, म्हणून आता लिहून टाकतो. क्रमाने जात नाही. पाचव्यापासून सुरू करतो, कारण माणसांचे पत्ते उघडे पडले ते त्यामुळे.

मुद्दा ५ : "सगळी पानं कॅश करा, चेकआउटसुद्धा. सर्व्हरवर लोडच येणार नाही."

हे लिहिणाऱ्याने दुकान कधी चालवलेलं नाही, एवढं या एका वाक्यावरून कळतं.

कॅश म्हणजे सर्व्हरने एकदा तयार केलेलं पान जपून ठेवायचं आणि पुढच्या माणसाला तेच द्यायचं. वहीचं प्रॉडक्ट पेज सगळ्यांना सारखंच दिसतं, तिथे हे उत्तम चालतं. चेकआउटचं पान मात्र ज्याचं त्याचं असतं. लॉगिन केलेल्या गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन त्यात आधीच भरलेला येतो. साध्या कॅशला माणूस ओळखता येत नाही, तिला फक्त पानाचा पत्ता कळतो. ताईने सगळं कॅश करायचा नियम लावल्यानंतर जी पहिली बाई चेकआउटवर आली तिचं भरलेलं पान साठवलं गेलं, आणि नंतरच्या प्रत्येकाला तेच मिळत राहिलं.

वूकॉमर्सवाले हे ओरडून सांगतात. कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही तीन पानं कॅशमधून वगळा, असं त्यांच्या अधिकृत माहितीत स्वच्छ लिहिलंय. शिवाय वूकॉमर्स ही पानं पाठवताना ‘हे साठवू नका’ असा हेडरही (पानासोबत जाणारी छुपी सूचना) सोबत लावतं. फॉरवर्डमध्ये सीडीएनचा जो नियम लावायला सांगितलाय, तो नेमका हा हेडर धुडकावून पान साठवतो. म्हणजे प्लगइन बनवणाऱ्यांनी घातलेली कडी आपल्याच हाताने काढायची.

लहान दुकानात काय होणार, असं कुणाला वाटत असेल तर मोठ्या दुकानात काय झालं ते ऐका. २५ डिसेंबर २०१५ ला स्टीम या गेम विकणाऱ्या दुकानात लोक आपलं खातं उघडत होते आणि समोर दुसऱ्याचं येत होतं. साधारण दीड तास हे चाललं. व्हॉल्व्ह या त्यांच्या कंपनीने ३० डिसेंबरला निवेदन काढून कबूल केलं: सेलची गर्दी होती, त्यात हल्ला झाला, लोड सांभाळायला कॅशचे नवे नियम लावले, आणि त्यातल्या एका नियमाने लॉगिन केलेल्या लोकांची पानंही साठवली. सुमारे ३४ हजार लोकांची पानं दुसऱ्यांना दिसली असण्याची शक्यता त्यांनी सांगितली. त्यात कुणाचा बिलाचा पत्ता होता, कुणाचा ईमेल, कुणाच्या खरेदीचा इतिहास, कुणाच्या कार्डाचे शेवटचे दोन आकडे. ज्यांच्याकडे इंजिनिअरांची फौज आहे त्यांच्याकडून हे चुकलं. आणि हा फॉरवर्ड तेच ताईला मुद्दाम करायला सांगतो.

आम्ही रात्री पावणेबाराला नियम काढला, कॅश पूर्ण रिकामी केली. मग दोन फोन घेतले, एकावर लॉगिन केलं, दुसऱ्यावर इनकॉग्निटो उघडलं आणि दोन्हींवरून चेकआउटला जाऊन पाहिलं. तुम्हीही कॅशला हात लावलात की ही दोन फोनांची तपासणी केल्याशिवाय झोपू नका. सकाळी ताईने जिचा पत्ता दिसत होता त्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तो फोन करायच्या आधी ती कितीतरी वेळ नुसती फोन हातात घेऊन बसली होती. फॉरवर्ड पाठवणाऱ्याला यातलं काही भोगावं लागत नाही.

आणखी एक. वर्डप्रेसच्या फॉर्ममध्ये सुरक्षेसाठी एक छुपा कोड असतो, तो साधारण १२ ते २४ तासांत बाद होतो. चेकआउटचं पान त्याहून जास्त वेळ कॅशमध्ये पडून राहिलं, तर गिऱ्हाईक सगळं भरून बटण दाबतं आणि ऑर्डर जातच नाही. वेग वाढला, विक्री थांबली.

मुद्दा १ : "दुकान स्लो म्हणजे होस्टिंग खराब."

मोजलंत का आधी? ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कचा टॅब घ्या, पान पुन्हा लोड करा. पहिल्या ओळीवर क्लिक केलं की सर्व्हरकडून पानाचा पहिला तुकडा, म्हणजे पहिला बाइट, यायला किती वेळ लागला ते दिसतं. सर्व्हरच्या वाट्याचा वेळ मुख्यतः तो. त्यापुढचा बहुतेक वेळ फोटो, फॉन्ट, स्क्रिप्ट आणि थीम खातात. गूगलचं मार्गदर्शन सांगतं की पहिला बाइट ०.८ सेकंदाच्या आत यावा, आणि पानावरचं मुख्य चित्र किंवा मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा.

ताईच्या जुन्या होस्टिंगवर होमपेजचा पहिला बाइट ०.६ सेकंदात येत होता. मुख्य चित्र दिसायला ९ सेकंद. नव्या होस्टिंगवर पहिला बाइट ०.४, मुख्य चित्र ८.८. तीन वर्षांचे पैसे भरून ०.२ सेकंद मिळाले. उरलेला वेळ कुठे जात होता? होमपेजच्या स्लायडरमध्ये. पाच फोटो, फोनमधून काढले तसेच चढवलेले, प्रत्येक ४००० पिक्सेल रुंद आणि चार-पाच एमबीचा. पाचही एकदम उतरत होते, दिसायचा एकच. आम्ही चार काढले, उरलेला १६०० पिक्सेलवर आणून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केला, तो १८० केबीचा झाला. कुणी न वापरणारं चॅटचं विजेट काढलं. होमपेज पावणेतीन सेकंदांवर आलं. पाऊण तासाचं काम, एक पैसा न देता.

आता जे खरं आहे ते मान्य करतो, फार खुशीने नाही. कधीकधी दोष होस्टिंगचाच असतो. पण तो होमपेजवर शोधू नका, कारण ते बहुतेक वेळा कॅशमधून येतं. कार्ट आणि चेकआउटवर मोजा, तिथे सर्व्हरला खरं काम करावं लागतं. ताईच्या जुन्या होस्टिंगवर चेकआउटचा पहिला बाइट २.८ सेकंद घेत होता, हे वाईटच. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये पाहिलं तर पीएचपीचं (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ७.४ हे व्हर्जन चालू होतं. त्याचा सुरक्षा-सपोर्ट २८ नोव्हेंबर २०२२ ला संपला. ८.३ निवडायला एक ड्रॉपडाउन होता. आधी स्टेजिंग कॉपीवर (दुकानाच्या चाचणीच्या प्रतीवर) करून पाहिलं, एक जुनं प्लगइन त्यावर चालेना, ते काढलं. मग वर्डप्रेसच्या साइट हेल्थ या तपासणीच्या पानावर ऑटोलोड डेटाचा, म्हणजे प्रत्येक पानासोबत आपोआप उचलल्या जाणाऱ्या सेटिंगांचा, इशारा होता. वर्डप्रेस ६.६ पासून हा डेटा ८०० केबीच्या पुढे गेला की इशारा येतो. कधीच काढून टाकलेल्या प्लगइनांच्या सेटिंगा डेटाबेसमध्ये पडून होत्या आणि प्रत्येक पानासाठी उचलल्या जात होत्या. बॅकअप घेऊन त्या साफ केल्या. चेकआउट १.१ सेकंदावर आलं. इतकं करूनही ते दोन-तीन सेकंदांवर अडकून राहिलं असतं, तर मीच म्हणालो असतो, होस्टिंग बदल.

मुद्दे २ आणि ३ : "अनलिमिटेड घ्या" आणि "रॅम जास्त, वेग जास्त."

अनलिमिटेड कशाला म्हणतात ते वाचा. डिस्क आणि बँडविड्थ. दीडशे वह्यांच्या दुकानाला या दोन्ही गोष्टी कधी कमी पडत नाहीत. कमी पडतं ते सीपीयू आणि एका वेळी चालणाऱ्या प्रोसेस, आणि त्यांच्यावर शेअर्ड होस्टिंगमध्ये (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) मर्यादा असतेच, अटींच्या पानावर खाली कुठेतरी. ती ओलांडली की अनेक ठिकाणी ५०८ नंबरची एरर येते.

दुकानासाठी विचारायचा आकडा म्हणजे पीएचपी वर्कर (एका वेळी एकच विनंती हाताळणाऱ्या प्रोसेस) किती. कॅशमधून न येणारी प्रत्येक विनंती एक वर्कर अडवून ठेवते. चार वर्कर असतील आणि चेकआउटला एक सेकंद लागत असेल, तर सेकंदाला चार जणांचं काम होतं. तेच चेकआउट तीन सेकंदांचं असलं तर चार जणांना तीन सेकंद लागतात आणि मागचे रांगेत थांबतात. म्हणजे पान हलकं केलं की त्याच होस्टिंगवर तिप्पट गिऱ्हाइकं मावतात. रॅम आणि कोअर वाढवले तर एका वेळी जास्त लोक सांभाळता येतात, पण एकट्या माणसाला दिसणारं स्लो पान सहसा स्लोच राहतं, कारण पीएचपीची एक विनंती एकाच कोअरवर चालते. आणि स्वतः सांभाळायचा व्हीपीएस (स्वतंत्र आभासी सर्व्हर) घेतलात तर अपडेट, फायरवॉल, डेटाबेस सगळं तुमच्या गळ्यात. ताईने वह्या बांधायच्या की हे बघत बसायचं?

मुद्दा ४ : "सीडीएन लावलं की सर्व्हर कुठेही चालतो."

फोटोंपुरतं बरोबर, चेकआउटपुरतं चूक. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर एका फेरीला किमान १०० मिलिसेकंद. नवं कनेक्शन जोडायला एक फेरी, एन्क्रिप्शनला आणखी एक, पान मागायला तिसरी. सर्व्हरच्या कामाचा वेळ यात धरलेलाच नाही. सीडीएनने त्यातल्या काही फेऱ्या जवळ येतात, पण चेकआउट तयार व्हायचं ते मूळ सर्व्हरवरच. जिथे गिऱ्हाइकं जास्त, त्याच्या जवळचं डेटा सेंटर निवडा.

मुद्दा ६ : अपटाइम आणि बॅकअप

९९.९ टक्के म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद राहण्याची सवलत. बॅकअपबद्दल एवढंच: १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांचे बॅकअप त्याच जागी होते त्यांचे तेही गेले. दुसरी प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवा, आणि ती एकदा परत चढवून पाहा.

मुद्दा ७ : "मायग्रेशन एका क्लिकवर."

फाइली आणि डेटाबेस खरंच एका क्लिकवर हलतात. ऑर्डरी हलत नाहीत. डीएनएस (साइटचं नाव कोणत्या सर्व्हरवर न्यायचं ते सांगणारी नोंद) बदलल्यावर काही तास काही गिऱ्हाइकं जुन्या सर्व्हरवर जात राहतात, काही नव्यावर, आणि दोन्ही दुकानं उघडी असतात. ताईच्या ईमेलमध्ये १०४७ नंबरची ऑर्डर दोनदा आली होती, दोन वेगळ्या नावांनी. १०४८ सुद्धा. दोन्ही सर्व्हर एकाच आकड्यावरून पुढे मोजत होते. नव्या दुकानाच्या यादीत त्यातली एकेकच. पैसे चौघांनी भरलेले, वह्या गेल्या दोघांना. चौथ्या दिवशी एकाने विचारलं तेव्हा हे उघडकीला आलं.

शेवटी नव्या होस्टिंगचे पैसे परत मिळायची मुदत संपायला चार दिवस उरले असताना तिने तो प्लॅन रद्द केला. परत जुन्या होस्टिंगवर येताना आम्ही आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ जपून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणला, पहाटे चारला दुकान मेंटेनन्स मोडवर टाकलं, डेटाबेसची शेवटची प्रत त्यानंतर घेतली आणि मग डीएनएस फिरवलं. सहाला दुकान उघडलं. पहिली ऑर्डर ११०२, एकदाच आली.