मोठ्यानं रडणं म्हणजे खोटं रडणं नव्हे: निपाणीच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली, चार ओळीत उरकण्यासारखी नाही म्हणून सविस्तर लिहितोय. मागच्या लेखात मी म्हटलेलं की पडद्यावर कुणी धाय मोकलून रडलं की मला ते खोटं वाटतं, चांगला नट रडू गिळतो. त्यावर तुम्ही लिहिलंय की हे मल्टिप्लेक्सवाल्यांचं मत झालं, आपल्या भागात माणूस गेलं की बायका हेल काढूनच रडतात, मग त्या काय ॲक्टिंग करतात का, आणि १९९१ साली 'माहेरची साडी' बघून आमच्या आया पदर भिजवून घरी आल्या त्या काय खुळ्या होत्या? आणि वर, ग्लिसरीन घालून रडणं ही सरळ फसवणूक आहे असंही म्हटलंय.

पहिल्या मुद्द्यावर तुमचंच बरोबर, माझं चुकलं. खरं तर मला हे कळायला पाहिजे होतं, कारण मी ते घरातच बघितलंय. थोरली आत्या गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. खानापूर तालुक्यातलं गाव, आणि धाकटी आत्या हुबळीकडून आली ती गल्लीच्या तोंडापासूनच सुरू झाली, "अगं माझ्या बाई गं, मला न सांगता कशी गेलीस गं, परवा फोनवर भाजणी देते म्हणालीस की गं, आता मी कुणाच्या दारात येऊ गं". मध्येच माझ्याकडे वळून साध्या आवाजात "गाडीतली पिशवी उतरवलीस का रे" म्हणाली आणि परत तिथूनच पुढं चालू. मला तेव्हा वाटलं हे नाटक आहे. पुढचे तीन दिवस तिचा घसा इतका बसला की चहा पाहिजे तरी ती हातानं खुणा करायची.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर तेच आठवत बसलो आणि वाटलं, मोठ्यानं की हळू हा प्रश्नच नाही. आत्या कुणाशी तरी बोलायली होती. बहिणीला तक्रार सांगायली होती, भाजणीचा हिशोब मागायली होती. खोटं रडणं मला आता ते वाटतं जे कुणालाच उद्देशून नसतं, फक्त कॅमेऱ्याला दाखवायला असतं. हिरॉईन समोरच्या माणसाला सोडून लाईटकडे तोंड करून रडते बघा, दोन्ही गालांवर दोन सारखे थेंब, काजळ जागेवर, नाक कोरडं. डोळ्यातलं पाणी आतल्या बारीक नळीनं नाकात उतरतं हो, म्हणून खरं रडताना नाक हमखास वाहतं. आणि रडू आलं की श्वास जास्त घेता यावा म्हणून घसा उघडा राहायला बघतो, गिळताना मात्र तो मिटावा लागतो, त्या ओढाताणीत आवंढा अडकतो आणि शब्द मध्येच तुटतो. मी तर आता डोळ्यांकडे नंतर बघतो, आधी श्वास ऐकतो.

२००८ चा 'डाऊट' नावाचा इंग्रजी सिनेमा मिळाला तर बघाच. व्हायोला डेव्हिस त्यात जेमतेम एका प्रसंगापुरती आहे, आपल्या पोराला शाळेतून काढू नका, जूनपर्यंत तरी राहू द्या म्हणून मुख्याध्यापिका झालेल्या मेरिल स्ट्रीपला विनवते. नाकातलं पाणी ओठापर्यंत येतं आणि तिचं तिकडं लक्षच नाही, कारण तिला समोरच्या बाईचं मन वळवायचंय. एवढ्याशा कामाला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालेलं. आणि आपला 'सैराट' घ्या, २०१६ चा, शेवटी ते लहान लेकरू रडत बाहेर येतं आणि आवाजच नाही. त्याला आई पाहिजे आणि ऐकायला कुणी उरलेलं नाही. माझ्या शेजारचा माणूस दिवे लागले तरी उठला नव्हता.

आता ग्लिसरीन. इथं मात्र मला तुमचं पटत नाही, ती फसवणूक नव्हे. सिनेमात एक प्रसंग एकदाच होत नाही, आधी लांबून घेतात, मग खांद्यावरून, मग क्लोजअप, परत लाईट बदलतात, परत टेक. सातव्या टेकला पाणी आटलं तर त्या बाईनं काय करायचं? ग्लिसरीन डोळे चुरचुरवून पाणी काढतं, थेंब जाडसर असतो, दिव्यांच्या उष्णतेत पटकन सुकत नाही, बस्स. आवाज ते फोडू शकत नाही, हात थरथरवू शकत नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातलं अंगावर उमटतं त्या खुणा, सांगितलेत, त्यात अश्रू हा फक्त एक, बाकी स्वरभंग आहे, वेपथू म्हणजे कंप आहे, चेहऱ्याचा रंग उडणं आहे. बाटलीतून आठातला एकच येतो. आणि जो दुःखी नाही त्यानं दुःख कसं दाखवायचं हा तुमचाच प्रश्न भरतमुनींनी सातव्या अध्यायात विचारून ठेवलाय, त्यांचं उत्तर मन एकाग्र करण्याचं आहे.

तुमच्या आईंना खुळं म्हणायची माझी काय लायकी. त्या पडद्यावरच्या सुनेत कुणाला तरी बघत होत्या, स्वतःला नाहीतर बहिणीला, लेकीला.

तुम्ही विचारलंय की मी स्वतः कधी रडलोय का. रडलोय, आणि थेटरात नव्हे, आमच्या भागातल्या जत्रेच्या नाटकात. बापाचं काम करणारा गावातलाच शेतकरी गडी, लेकीचं काम करणारी बाई बाहेरून ठरवून आणलेली. सासरी पाठवणीचा प्रसंग, स्टेजवर मधोमध वरून एकच माईक लोंबकळत होता. बोलता बोलता तो गडी माईकला पाठ करून तिच्याकडे वळला. विंगेतनं प्रॉम्प्टर दबक्या आवाजात "माईककडं बघ, माईककडं" म्हणून ओरडायला लागला, तो काय वळला नाही. तिसऱ्या रांगेच्या मागं एक शब्द ऐकू आला नसेल, आणि अख्खं मैदान गप्प.