घाटेअळीवर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर: फिरणाऱ्या सल्ल्यातले दावे आणि त्यांची उत्तरे

हरभरा कळीवर आला की मराठवाड्यातल्या शेतकरी गटांमध्ये एक सल्ला फिरू लागतो. त्याचा मतितार्थ असा: “हरभऱ्याच्या आंबेत ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असते आणि तेच घाटेअळीला मारते, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. दुकानातून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर आणा, १५ लिटरच्या पंपाला ३० ग्रॅम टाका. परदेशात याला कीटकनाशक म्हणून मान्यता आहे. नैसर्गिक असल्याने अपाय नाही. जोडीला ट्रायकोकार्ड लावा, महागड्या औषधाची गरज नाही.”

या सल्ल्याची सुरुवात एका खऱ्या संशोधनापासून होते, म्हणूनच तो पटतो. पण पहिले वाक्य सोडले तर पुढचे एकही वाक्य त्या संशोधनातून निघत नाही, आणि पहिलेही अर्धेच खरे आहे.

“आंबेतले ऑक्झॅलिक अ‍ॅसिड अळीला मारते”

हरभऱ्याच्या पाना-घाट्यांवर बारीक ग्रंथीयुक्त लव असते. तिच्या टोकाशी आंबट थेंब जमतात, तीच आंब. सकाळी दवात हरभऱ्यातून चालले की पोटऱ्या चुरचुरतात त्या यामुळेच. आंबेत मुख्यतः दोन आम्ले असतात, मॅलिक आणि ऑक्झॅलिक. दोन्ही डायकार्बोक्सिलिक, म्हणजे रेणूत दोन आम्लगट असलेली. आंबेचा सामू, म्हणजे पीएच, २ च्याही खाली जातो; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र.

अळीला अडथळा कोण करते, यावर बराच काळ बोट मॅलिककडे होते, कारण आंबेत त्याचे प्रमाण ठळक दिसते. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत योशिदा, काउगिल आणि वाइटमन यांनी दोन्ही आम्ले वेगवेगळी तपासली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात अळ्यांच्या कृत्रिम खाद्यात ही आम्ले मिसळली होती. ऑक्झॅलिक असलेल्या खाद्यावर अळीची वाढ खुंटली, मॅलिकने वाढीवर परिणाम झाला नाही. आयसीसी ५०६ या प्रतिकारक वाणाच्या पानांवर ऑक्झॅलिक जास्त सापडले. तुलनेसाठी बळी पडणारा वाण म्हणून अशा प्रयोगांत अन्निगेरी घेतला जातो, म्हणजे लातूरच्या मोंढ्यात ज्याला आपण अन्नेगिरी म्हणतो तोच.

इथे शब्द नीट वाचायला हवा: वाढ खुंटली. अळी मेली नाही. ती हळू वाढली, वजनाने कमी भरली. शेतात याचा उपयोग असा की लहान राहिलेली अळी जास्त दिवस पक्ष्यांच्या आणि कॅम्पोलेटिससारख्या परोपजीवी कीटकांच्या तावडीत राहते. फवारून दोन दिवसांत अळ्या गळून पडाव्यात, अशी अपेक्षा या संशोधनावरून धरताच येत नाही.

दुसरे म्हणजे हा परिणाम अळी आंब सतत खाते तेव्हाचा आहे. झाड थेंब रोज नव्याने स्रवते. अवकाळी पावसाने आंब धुतली जाते आणि झाड ती पुन्हा जमवते. एका फवाऱ्याने हे होत नाही. पुन्हा, घाटे भरताना अळी तोंड घाट्याच्या आत घालून दाणा खाते, अंग बाहेर लोंबत असते. सालीवर पडलेले आम्ल त्या तोंडात जाणार कसे?

या संशोधनाचा खरा वापर वाण पैदाशीत आहे. ऑक्झॅलिकचे प्रमाण हा पैदासकाराला निवडीसाठी मिळालेला एक निकष आहे. दुकानातल्या बरणीशी त्याचा संबंध नाही.

“१५ लिटरला ३० ग्रॅम”

ही पावडर फरशी पॉलिश आणि गंज काढण्यासाठी विकली जाते. १५ लिटरला ३० ग्रॅम म्हणजे लिटरला २ ग्रॅम. शुद्ध पाण्यात या द्रावणाचा सामू हिशेबाने १.९ च्या आसपास येतो. आंबेचा सामूही असाच आहे, मग झाड कसे जळेल, असा प्रश्न येईल. फरक जागेचा आहे. आंब लवेच्या टोकाशी थेंबाने असते. फवारा पानाच्या संपूर्ण सालीवर, कोवळ्या शेंड्यावर आणि फुलावर पसरतो. पाणी उडून गेले की तेच आम्ल घट्ट होत जाते, आणि पानाची कड व टोक, जिथे थेंब साचतो, तिथून करपायला सुरुवात होते. कळी-फुलावर असताना असे झाले तर नुकसान थेट घाट्यांच्या संख्येत दिसते.

ऑक्झॅलिक आम्ल पानाच्या आत गेले की काय करते, हे वनस्पतिरोगशास्त्राला चांगले ठाऊक आहे. हरभऱ्यात मानकूज आणणारी स्क्लेरोशियम रोल्फ्साय ही बुरशी हेच आम्ल सोडते. ते पेशींमधला चिकटपणा टिकवणारे कॅल्शियम ओढून घेते, आणि मग बुरशीची विकरे (एन्झाइम) ऊती पोखरतात. ज्या आम्लाच्या जोरावर बुरशी रोप आडवे पाडते, ते आपण स्वतः पंपात भरून फवारायचे, यात शहाणपण नाही.

आता पाण्याचे बघू. मराठवाड्यात बहुतेक फवारणी बोअरच्या पाण्याने होते आणि ते कडक असते. ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला भेटले की कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा, पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. समजा पाण्याचा कडकपणा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे आणि तो सगळा कॅल्शियमचा धरला. मग १५ लिटरमध्ये सुमारे ९.५ ग्रॅम पावडर नुसती साका बनण्यात जाते, आणि पंपात जवळपास ११ ग्रॅम पांढरा गाळ तयार होतो. म्हणजे ३० ग्रॅमपैकी तिसरा हिस्सा पानावर पोहोचायच्या आधीच संपला. हा गाळ जाळीत आणि नोझलमध्ये अडकतो, तुषार तुटतो, काही ओळींवर थेंब ठिबकतात आणि तिथेच करपा जास्त दिसतो. “औषध लागू पडले नाही, वर पान जळाले” या तक्रारीचे दोन्ही भाग यातच आले. जमिनीवर पडलेले आम्लही चुनखडीयुक्त काळ्या मातीत असेच कॅल्शियमला बांधले जाते, त्यामुळे ते मुळावाटे झाडात जाऊन आंब वाढवेल ही आशाही सोडून द्यावी.

“परदेशात मान्यता आहे”

आहे, पण मधमाशीच्या पेटीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ साली ऑक्झॅलिक आम्लाची नोंदणी व्हरोआ या कोळीवर्गीय परजीवीसाठी केली. पद्धत अशी: साखर आणि पाणी समप्रमाणात घेतलेल्या १ लिटर पाकात ३५ ग्रॅम आम्ल विरघळवायचे, माश्यांनी भरलेल्या दोन चौकटींमधल्या प्रत्येक फटीत ५ मिली सोडायचे, एका वसाहतीला जास्तीत जास्त ५० मिली. तेही पेटीत झाकलेली पिलावळ नसताना, कारण मेणाच्या झाकणाखालच्या कोळ्यापर्यंत ते पोहोचत नाही.

या उपचाराचा सगळा पाया असा की त्या मात्रेत कोळी मरतो आणि माशी जगते. माशी कीटक आहे, घाटेअळीही कीटक आहे. कीटक जगावा म्हणून ठरवलेल्या मात्रेचा दाखला कीटक मारण्यासाठी देणे उलटे आहे. आपल्याकडे हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी शिफारस असलेल्या औषधांत ऑक्झॅलिक आम्ल नाही.

“नैसर्गिक आहे, अपाय नाही”

आंब पोटदुखीवर चाटवतात, हरभऱ्याची भाजी आपण वाळवून वर्षभर खातो, हे खरे. पण चाटणाची आंब थेंबभर असते. पावडर ९९ टक्क्यांच्या पुढची असते. ती पोटात गेली तर रक्तातले कॅल्शियम बांधते, हृदयाचे ठोके बिघडतात आणि मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक अडकतात. १५ ते ३० ग्रॅम प्राणघातक मानले जाते आणि त्याहून कमी मात्रेनेही मृत्यू झाले आहेत. म्हणजे सल्ल्यातला एका पंपाचा डोस माणसाच्या जिवावर बेतू शकतो. पावडर साखर किंवा सोड्यासारखी पांढरी दिसते आणि घरात सुटी पुडी राहते, याची जास्त काळजी वाटते. शिवाय याच हंगामात लोक भाजीसाठी शेंडे खुडतात आणि टहाळ उपटून हिरवे घाटे तिथेच खातात.

“जोडीला ट्रायकोकार्ड लावा”

ट्रायकोकार्ड म्हणजे किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाचे कार्ड. कपाशीत किंवा उसात ते ठीक. हरभऱ्यात मात्र हा इवलासा कीटक याच आंबेत आणि लवेत अडकतो, त्यामुळे अंड्यांवरचे परजीवीकरण अगदी कमी राहते. झाडाचे संरक्षण मित्रकिडीलाही आड येते, ही या पिकाची गोची आहे.

एचएएनपीव्ही हा घाटेअळीला रोग आणून मारणारा विषाणूही हरभऱ्यावर कपाशीच्या मानाने कमी चालतो. त्याचे कारण आधी आंबच समजले जात होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या स्टीव्हन्सन आणि सहकाऱ्यांच्या कामात मात्र पानाच्या पृष्ठभागावरची आयसोफ्लॅव्होनॉइड ही वेगळीच संयुगे विषाणू निकामी करताना सापडली. तरीही लहान अळीवर तो वापरण्याजोगा आहे, आणि त्यात कुठलेही आम्ल मिसळू नये.

मग करायचे काय

कळी दिसू लागताच हेक्टरी ५ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे सापळे, लावा, एकरी २. आमिष घाटेअळीचेच, म्हणजे हेलील्यूर, असल्याची खात्री करा, गुलाबी बोंडअळीचे नाही. सलग तीन दिवस सापळ्यात ८ ते १० पतंग आले, किंवा ओळीच्या एका मीटरमध्ये १ ते २ अळ्या दिसल्या, की फवारणीची वेळ झाली. पक्ष्यांसाठी एकरी २० थांबे पिकापेक्षा फूटभर उंच ठेवा. ज्वारीचे तुरळक दाणे पेरतानाच मिसळले असतील तर ती ताटेच थांब्यांचे काम करतात.

कळी अवस्थेत पहिली फवारणी ५ टक्के निंबोळी अर्काची. ५ किलो निंबोळी पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, वेगळ्या १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबण विरघळवून त्यात घाला आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी संपवा, शिळा अर्क कमी चालतो. अळ्या लहान असताना एचएएनपीव्ही हेक्टरी ५०० एलई (विषाणूची मात्रा मोजण्याचे एकक), सूर्य कलल्यावर फवारा, कारण उन्हातली अतिनील किरणे विषाणू मारतात. अळी बोटाच्या पेराएवढी झाली असेल तर त्याची वाट पाहू नका.

पतंग-अळ्यांची वर दिलेली संख्या, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी, ओलांडली की इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के एसजी १० लिटरला ४.४ ग्रॅम, किंवा क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससी १० लिटरला २.५ मिली. दोन्ही एकदम मिसळू नका आणि दुसऱ्या फवारणीला औषधाचा गट बदला. लेबलवर लिहिलेला प्रतीक्षा काळ संपेपर्यंत भाजी खुडू नका, टहाळ खाऊ नका.

ज्यांनी पावडर आधीच फवारली आहे त्यांनी त्याच दिवशी साध्या पाण्याचा फवारा मारून पाने धुवावीत. पानावर आम्ल सुकल्यावर धुण्याचा उपयोग कमी होतो. पंप, जाळी, नोझल तीनदा धुवा. पांढरा साका बसला असेल तर नोझल उघडून मऊ ब्रशने काढा, तोंडाने फुंकू नका. नव्या शेंड्यावर करपा वाढत नसेल तर दुसरे काही फवारण्याची घाई नको. उरलेली पुडी लहान मुले आणि जनावरांपासून दूर, नाव लिहिलेल्या डब्यात ठेवा. चुकून कुणाच्या पोटात गेली तर उलटी करवू नका, लगेच दवाखान्यात न्या आणि पुडी सोबत घ्या, म्हणजे डॉक्टरांना नेमके काय गेले ते कळेल.