‘सीबीसी नॉर्मल आहे ना, मग पुरे’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगाचे रिपोर्ट कसे वाचावेत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, नॉर्मल असेल तर दर तीन महिन्यांनी पीसीआरचा, म्हणजे रक्तात आजाराच्या जनुकाचा अंश किती उरला हे मोजणाऱ्या तपासणीचा, आग्रह धरणे म्हणजे खेड्यातल्या माणसाला उगाच घाबरवणे आहे; आपल्या काकांनी चार वर्षांत एकदाही पीसीआर केली नाही आणि ते ठणठणीत आहेत; दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत; हजारपट घटीविषयीचे माझे वाक्य चुकले आहे; आणि शेवटी, ‘बाईंनी शाळेतला फळा सांभाळावा, डॉक्टरकी करू नये’.

या शेवटच्या वाक्याविषयी आधी लिहिते, कारण ते मला लागले आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी बावीस वर्षे शिकवते आहे. तिथली मुले मला बाई म्हणतात तेव्हा त्या शब्दात जो मान असतो, तो आपल्या वाक्यात नाही. लेखात मी कोणालाही औषध सुचवलेले नाही किंवा गोळीची मात्रा सांगितलेली नाही. कागदावर छापलेल्या शब्दांचा आणि आकड्यांचा अर्थ सांगितला आहे, आणि वाचायला शिकवणे हे शिक्षिकेचे काम नसेल तर ते कोणाचे आहे, हे आपणच सांगावे. आपल्याला माझे म्हणणे खोडायचे होते तर खुशाल खोडायचे. त्यासाठी माझी पायरी दाखवण्याची गरज नव्हती.

एक चूक मात्र मान्य करते. पीसीआरच्या रिपोर्टवरचा ०.१ टक्का म्हणजे ‘रुग्णाच्या स्वतःच्या पहिल्या रिपोर्टपेक्षा हजारपट घट’ असे मी लिहिले होते, ते बरोबर नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवरचे शंभर टक्के हे सर्वांसाठी ठरवून दिलेले एकच मूळ माप आहे. कोणाचा पहिला आकडा चाळीस असो की ऐंशी, ०.१ हा टप्पा सगळ्यांना सारखाच लागू होतो. ते वाक्य मी दुरुस्त केले आहे. त्याने लेखाच्या आशयात काही फरक पडत नाही.

आता ‘सीबीसी नॉर्मल आहे ना, मग पुरे’ या वाक्याकडे येते. हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, मी पूर्वी एकदा ऐकले आहे, आणि त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

माझ्या यजमानांना २०१५ साली हा आजार निघाला. पोटाच्या डाव्या बाजूला पानथरी (प्लीहा) हाताला लागत होती आणि पांढऱ्या पेशी एक लाख शहाऐंशी हजार होत्या. नागपूरला बोन मॅरोची तपासणी झाली, फिलाडेल्फिया क्रोमोसोम, म्हणजे या आजाराची खूण असलेला बदललेला क्रोमोसोम, सापडला आणि इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी रोज सुरू झाली. दोन महिन्यांत सीबीसी इतकी सुधारली की रिपोर्ट पाहून कोणीही त्यांना निरोगी म्हटले असते. त्या वेळी पीसीआरचा आकडा मात्र दहाच्या वर होता, तो ०.१ च्या खाली यायला दीड वर्ष लागले. पुढे तालुक्याच्या एका डॉक्टरांनी सांगितले की सीबीसी चांगली आहे, आता नागपूरच्या खेपा कशाला. पऱ्हाटीची वेचणी सुरू होती, मजूर मिळत नव्हते, आणि आम्हालाही ते ऐकायला बरेच वाटले. अकरा महिने आम्ही पीसीआर केली नाही. त्या काळातल्या तिन्ही सीबीसी निर्दोष होत्या. अकराव्या महिन्यात पीसीआर केली तेव्हा आकडा २.८ आला, आणि त्याच दिवशीच्या सीबीसीत पांढऱ्या पेशी ७,२०० होत्या. त्या दोन कागदांपैकी एकच कागद खरी गोष्ट सांगत होता.

मळमळ होते म्हणून यजमान कित्येक महिने एकाआड एक दिवस गोळी घेत होते, हे मला त्या रात्री कळले. औषधाला दाद न देणारे उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात बदल, झाले आहे का, याचीही तपासणी करावी लागली. सुदैवाने तसे काही निघाले नाही. गोळी जेवणासोबत आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर रोज घेतल्यावर आठ महिन्यांत आकडा पुन्हा ०.१ च्या खाली आला. मी कोणाला घाबरवते, असे लिहिताना आपण ती आठ महिन्यांची वाट पाहिलेली नाही.

असे का होते, हे लेखात होतेच. तरी पुन्हा लिहिते. सीबीसीचे यंत्र पेशी मोजते, पण त्यातल्या कोणत्या पेशीत नववा आणि बाविसावा क्रोमोसोम तुटून एकमेकांना जोडले गेले आहेत, हे त्याला कळत नाही. फिश (FISH) या, क्रोमोसोमवर चमकता रंग लावून पेशी पाहण्याच्या, तपासणीत साधारण काही शेकडा पेशी पाहतात, म्हणून तीही ठरावीक पातळीच्या खाली आंधळी होते. पीसीआर त्या जोडातून तयार झालेल्या बीसीआर-एबीएल जनुकाचा संदेश शोधते आणि लाखातली एक पेशीही ओळखू शकते. निंदण झालेले वावर धुऱ्यावरून स्वच्छ दिसते, पण लव्हाळ्याच्या गाठी मातीतच असतात. सीबीसी धुऱ्यावरून पाहते. म्हणूनच तीन महिन्यांना १० टक्के, सहा महिन्यांना १ टक्का आणि बारा महिन्यांना ०.१ टक्का किंवा त्याहून कमी, असे टप्पे पीसीआरवरच ठरवलेले आहेत. ०.१ चा टप्पा गाठून आकडा स्थिर झाला की डॉक्टर दोन तपासण्यांमधले अंतर सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतात, हे मी लेखाच्या चौथ्या परिच्छेदात लिहिले होते. ते आपण वाचले असते तर ‘जन्मभर दर तीन महिन्यांनी’ हे शब्द माझ्या तोंडी घातले नसते.

प्रयोगशाळांचे म्हणाल तर उत्तर सोपे आहे: प्रयोगशाळा बदलू नका, आणि ०.०२ चे ०.०५ झाले म्हणून धास्तावू नका, तपासणी पुन्हा करून घ्या. खर्चाचा आणि एसटीच्या खेपांचा मुद्दा खरा आहे, परंतु तो या लेखाचा विषय नव्हता.

राहता राहिले आपले काका. चार वर्षे सीबीसी नॉर्मल आहे, याचा मला मनापासून आनंद आहे, पण त्यांचा आजार कोणत्या पातळीवर आहे हे आज आपल्याला ठाऊक नाही, त्यांनाही नाही आणि मलाही नाही. त्यांचे रक्त सोमवार ते बुधवारच्या दरम्यान द्या, म्हणजे नमुना रविवारी कुठे पडून राहणार नाही. हा संदेश आरएनएचा असतो आणि तो लवकर नष्ट होतो, त्यामुळे एक-दोन दिवसांत नमुना नागपूरला पोचला पाहिजे. जांभळ्या झाकणाच्या नळीतच रक्त घ्यायला सांगा, कारण हिरव्या झाकणाच्या नळीतले हेपारिन पीसीआरमध्ये अडथळा आणते. निदानाच्या वेळचा कागद शोधून सोबत द्या; बीसीआर-एबीएलचा प्रकार नेहमीचा नसेल तर साधी पीसीआर तो पकडत नाही आणि ‘आढळले नाही’ असा खोटा दिलासा मिळतो. रिपोर्ट आला की त्यावर ‘इंटरनॅशनल स्केल’ असे लिहिलेला टक्का पाहा, आणि कंट्रोल जीनच्या, म्हणजे नमुना पुरेसा चांगला आहे का हे तपासण्यासाठी मोजलेल्या दुसऱ्या जनुकाच्या, प्रती किती मोजल्या तेही पाहा. त्या दहा हजारांच्या खाली असतील तर ‘आढळले नाही’ या शब्दांवर फार विसंबू नका. तो कागद त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि रोजची गोळी चुकते का, हे काकांना एकांतात, न रागावता विचारा.